खुलासा: भारतातलं ‘गूगल पे’ अमेरिकेतल्या दुकानात टॅप होत नाही

‘अमेरिकेत गूगल पे सगळीकडे चालतं, कार्ड नेऊ नका’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. त्यावर विसंबून आई-वडिलांना रिकाम्या हाताने पाठवू नका. आपलं गूगल पे मुख्यतः यूपीआयवर, म्हणजे क्यूआर आणि बँक खात्यावर चालतं. तिथल्या दुकानातलं यंत्र एनएफसीवर, म्हणजे जवळ टेकवताच बिनतारी पद्धतीने, कार्ड वाचतं.

त्यामुळे प्रत्यक्ष कार्ड हवंच. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘कॉन्टॅक्टलेस’ ही दोन्ही बटणं चालू करा. २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डांवर ती बंदच येतात, आणि एकच चालू केलं की टॅप फसतो. कार्ड पाकिटातून बाहेर काढून चार लहरींच्या चिन्हावर टेकवा, आवाज येईपर्यंत धरा. नाहीच जमलं तर चिप खाचेत घाला. पेट्रोलपंपावर झिपकोड (तिथला पिनकोड) मागितला तर आत काउंटरवर पैसे भरा.