खोबरेल तेलाने सीट वाचत नाही

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला सहा गिऱ्हाइकांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: लेदर म्हणजे कातडीच, ती कोरडी पडली की तडकते, म्हणून ट्रकच्या लेदर सीटला दर रविवारी खोबरेल तेल चोळा. तरीही दोन वर्षांत सीट गेली तर कंपनीने लेदर सांगून रेक्झिन गळ्यात मारलंय असं समजा. खात्री करायची तर कोपऱ्याला काडी लावून वास घ्या. वरून लाकडी मण्यांची गादी किंवा जाड कव्हर टाका, सीट जन्मभर टिकेल. खाली हात जोडलेले आणि 'जनहितार्थ'.

कुर्ल्याला सीएसटी रोडच्या आत माझं सीट शिवायचं दुकान आहे. या जनहितात माझंच हित होतं, कारण तेल पाजलेल्या सीटा शेवटी माझ्याच टेबलावर येतात. तरी लिहितो.

आधी तेलाचं. कोल्हापुरी चपलेला तेल पाजतात ते बरोबरच. ते चामडं उघडं असतं, तेल आत मुरतं. गाडीच्या सीटचं लेदर तसं नसतं. कातडं कमावतानाच टॅनरीत त्यात लागेल तेवढं तेल घातलेलं असतं, मग त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेनचा पातळ पारदर्शक थर. तुमचा हात लागतो तो या वरच्या थराला. घरच्या घरी बघायचं असेल तर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर तेलही आत जाणार नाही. तो पटकन जिरून डाग काळा पडला तर तिथला थर घासून गेलाय.

मग चोळलेलं तेल जातं कुठे? शिवणीच्या भोकांतून दोऱ्यात, तिथून खालच्या फोमात. उरलेलं वर राहतं आणि रस्त्याची धूळ धरून ठेवतं. ही धूळ म्हणजे बारीक रेतीच. त्यावर माणूस दिवसभर बूड घासतो, म्हणजे पॉलिश पेपर मारल्यासारखंच झालं. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, हे डिसेंबरातल्या सकाळी बाटली हलवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली आहे, म्हणजे नवीन ट्रकमध्ये शिवणीत पांढरी रेघ थिजलेली दिसली तर नवल नको. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. आठ दिवस काचा बंद ठेवून गाडी उभी राहिली की घाम, तेल आणि दमट हवा एवढ्यावर बुरशीचं छान भागतं.

पण सीट जाते कशाने, हा खरा प्रश्न, आणि मेसेजची मोठी चूक तिथेच आहे. वाशीच्या मार्केटातून फळं पोचवणारा एक पिकअपवाला आला होता. लेदर सीटवाला वरचा मॉडेल, जेमतेम अडीच वर्षांचा. केबिनचं दार उघडलं तर न्हाव्याच्या दुकानात शिरल्यासारखा वास.

"दादा, दर रविवारी तेल लावतो. तरी ही कड कशी गेली?"

ड्रायव्हर सीटची उजवी कड, म्हणजे बाजूला उंच येणारी उशी, तळहाताएवढी फाटली होती. रंग उडालेला, मधे राखाडी तंतू वर आलेले. मी विचारलं, डाव्या कडेलाही तेल लावता ना? लावतो म्हणाला. डावी कड कोऱ्यासारखी होती. क्लीनरच्या बाजूची सीट तर अगदी नवीकोरी. लेदर तेच, तेल तेच, हवाही तीच. कोरडेपणाने जायचं तर सगळंच जायला हवं होतं.

त्याला म्हटलं, जरा उतरून दाखवा. तो उतरला तसे बहुतेक सगळेच उतरतात: दाराचा हँडल धरून, बूड न उचलता, कडेवरून घसरत. मागच्या खिशात चाव्यांचा जुडगा, जीन्सला पितळी रिव्हेट. हिशोब करा. दिवसाला ३० ठिकाणी माल उतरवला आणि वर्षाला ३०० दिवस गाडी चालली, तर ९,००० वेळा उतरणं आणि तेवढंच चढणं. एकाच वितेवर १८,००० घासण्या. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडून चढतो म्हणून उजवी कड जाते. डावीकडे बसून चालवतात त्या देशांत डावी कड आधी जाते.

सीट खोलली तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. कडेचा फोम दबून बसला होता. बोटाने दाबला तर पिवळा भुगा हातात आला आणि आतली लोखंडी सळई लागली. ही बाब फार थोड्यांच्या ध्यानात येते. फोम बसला की वरचं लेदर ढिलं पडतं, दर वेळी त्याच रेघेवर दुमडतं, आणि दुमडीवर वरचा थर आधी तडकतो. खालून सळई, वरून माणूस, मधे दीड मिलिमीटरच्या आसपास कातडं. कितीही चांगलं असलं तरी किती सोसेल? नुसता वरचा पॅनल बदलून देणारा कारागीर स्वस्त पडतो, पण वर्षभरात तीच कड पुन्हा दाखवायला न्यावी लागते. तेल प्यायलेल्या फोमाला चिकटवायचं सोल्यूशनही धरत नाही. तो तुकडा कापून टाकून नवा घट्ट फोम बसवावा लागला.

आता 'फाटलं म्हणजे नकली' हा मुद्दा. यात पाव भाग खरा आहे. लेदर सीट म्हणून विकतात तिच्यात बऱ्याचदा बसायची नि टेकायची समोरची बाजूच लेदरची असते; बगला आणि पाठ रेक्झिनच्या. हे ब्रोशरमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचतं कोण? पण फाटणं हा काही नकलीपणाचा पुरावा नाही. कसं फाटलंय ते बघा. पापुद्रे सुटून खाली विणलेलं कापड दिसत असेल तर ते पीयू, म्हणजे कापडावर पॉलियुरेथेन चढवलेलं नकली लेदर. दमट हवेत पाण्याच्या अंशाने पीयूचा थर तुटत जातो, म्हणून मुंबईत त्याचे पोपडे गाडी न वापरताही निघतात. खरं लेदर घासून जातं तेव्हा खाली मऊ, केसाळ, स्वेडसारखे तंतू दिसतात. पिकअपवाल्याचं लेदर शंभर टक्के खरं होतं. धारावीत पिढ्यान्पिढ्या चामड्यात हात घालणारी माणसं आहेत, तीही कापलेली कड बघूनच सांगतात, वरचा चेहरा बघून नाही.

काडी लावायची युक्ती ज्याने काढली त्याला माझा कोपरापासून नमस्कार. खऱ्या लेदरवरचा रंगाचा थर जळला तरी प्लास्टिकचाच वास येणार. तुमची खरी सीट नकली ठरेल आणि भोक पडेल ते वेगळंच.

मण्यांच्या गादीने घाम कमी येतो, पाठीला बरं वाटतं, कबूल. पण मणी तेवढ्याच जागी रुततात, सरकतात आणि लेदरवर खड्ड्यांची नक्षी उमटते. कव्हर घालायचं तर खालची धूळ दर आठवड्याला झटका. सीटच्या बगलेत एअरबॅगची खूण असेल तर बंद बगलेचं कव्हर अजिबात नको, फुग्याला बाहेर यायला मोकळी वाट हवी असते.

सॅनिटायझरचं मेसेजमध्ये नाही, पण सांगून ठेवतो. २०२० नंतर रंग उडालेले आणि चिकट झालेले हातटेके मी जितके पाहिले तितके आधी कधी पाहिले नव्हते. अल्कोहोल वरचा थर सोडवतं. टूथपेस्टही लावू नका, तिच्यात खरवडायची पूड असते.

मग करायचं काय? महिन्याने एकदा कोमट पाणी, साध्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, ओल्या फडक्याने पुसणं, सावलीत सुकवणं. चाव्या मागच्या खिशात ठेवायच्या नाहीत. उतरताना हँडल धरून बूड उचलायचं आणि मग पाय खाली टाकायचा. कड दाबून आत टणक लागलं, तर लेदर शाबूत असतानाच फोम भरून घ्या.

वॉरंटीत सळई लागायला लागली तर त्याच दिवशी ओडोमीटरसकट फोटो काढा आणि तक्रार लेखी द्या. 'वापराने झिजली' हे उत्तर ठरलेलंच असतं, पण कोऱ्या डाव्या कडेशी ताडून उजव्या कडेचा दबलेला फोम दाखवला की बोलणं पुढे सरकतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. धंद्यासाठी घेतलेली गाडी ग्राहक कायद्यातून वगळलेली असली, तरी स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणाऱ्याला २०१९च्या कायद्यात ग्राहकच धरलंय. हे बऱ्याच मालक-ड्रायव्हरांना ठाऊक नसतं.

आणि सीट माझ्याकडे आणणार असाल तर आदल्या रात्री तेल लावून चकचकीत करून आणू नका. तेलकट लेदरवर रंग धरत नाही, ते पुसून काढण्यातच माझी अर्धी सकाळ जाते, आणि तिचेही पैसे मी लावतो.