बाबांच्या फाइलमधले दोन शब्द

गेल्या वर्षी बाबा आठवडाभर हॉस्पिटलमध्ये होते. घरी आल्यावर फाइल चाळताना दुसऱ्या रात्रीच्या नोंदीवर नजर अडकली: 'पेशंट अनकोऑपरेटिव्ह'. त्या रात्री काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. तपासणीला नेताना कुणीतरी त्यांच्या कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं आणि परत घालायचं राहून गेलं. हात वर करा म्हटलं तरी करत नव्हते, कुशीवर वळा म्हटलं तरी ढिम्म. ऐकूच येत नव्हतं तर काय करणार बिचारे!

मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते, त्यामुळे शब्दांशी रोजची झटापट. पण त्या नोंदीनंतर या एका जातीच्या विशेषणांनी मला सोडलंच नाही. स्टबर्न, ऑब्स्टिनेट, रिकॅल्सिट्रंट, इन्ट्रान्सिजंट, सगळ्यांना आपण 'हट्टी'च्या एकाच दावणीला बांधतो. माझं म्हणणं असं की यातला जवळजवळ प्रत्येक शब्द 'नाही'ची वेगळी जात सांगतो. समोरचा का अडलाय याचा विचार केल्याशिवाय नेमका शब्द सापडतच नाही.

ऑब्स्टिनेटच्या मुळाशी लॅटिनमधलं 'उभं राहणं' आहे. माणूस पाय रोवून उभा आहे, बस. रिकॅल्सिट्रंटमध्ये टाच आहे. मागच्या मागे लाथ झाडणारं खेचर डोळ्यांसमोर आणा. म्हणजे या माणसाला कुणीतरी मागून हाकतंय, आणि तो त्याला उलटून प्रतिकार करतोय. हाकणाराच नसेल तर हा शब्द लागू पडत नाही. ऑब्ड्युरेट म्हणजे आतून टणक झालेला. आपला 'निबर' त्याच्या जवळ जातो. गयावया केली तरी ती आत पोचत नाही. इन्ट्रान्सिजंट तर थेट राजकारणातून आला. 1873 च्या सुमाराला स्पेनमध्ये जहाल प्रजासत्ताकवाद्यांना 'तडजोड न करणारे' म्हणत, त्यावरून. म्हणून तो वाटाघाटीच्या टेबलावर शोभतो. बूट घालायला नकार देणाऱ्या चार वर्षांच्या पोराला लावला तर हास्यास्पद होतो.

माझा सगळ्यांत लाडका शब्द रेस्टिव्ह. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होता जागचा न हलणारा, आणि इंग्रजीतही आधी तो अशा घोड्यासाठी वापरत. म्हणजे आपला अडेलतट्टू, हुबेहूब! पण आज रेस्टिव्ह जमाव म्हटलं की चुळबुळणारा, केव्हाही उसळेल असा जमाव. स्थिर उभं राहण्यापासून अस्वस्थतेपर्यंत हा शब्द कसा गेला? अडलेला घोडा जवळून पाहिला की कळतं. कान मागे पडलेले असतात, मानेची कातडी थरथरत असते, एक खूर सारखा जमीन उकरत असतो. पुढे जात नाही, पण आडवा होतो, मागे सरतो. न हलणारं जनावर शांत नसतं, ते घाबरलेलं असतं किंवा त्याला कुठेतरी दुखत असतं. आपण अडेलतट्टू हा शब्द नुसता शिवीसारखा वापरतो, त्या तट्टाकडे पाहायचं विसरून गेलो आहोत.

वस्तूंच्या बाबतीत मात्र हीच भाषा किती उदार आहे बघा. स्टबर्न डाग, स्टबर्न खोकला, यात राग फारसा नाही. रिफ्रॅक्टरी हा तर मुळात न जुमानणाऱ्या माणसाचा शब्द, पण भट्टीच्या आतल्या विटांना तो लावला की कौतुक होतं, कारण त्या आगीला दाद देत नाहीत. टंगस्टन 3422 अंश सेल्सियसपर्यंत वितळत नाही, म्हणून तो रिफ्रॅक्टरी धातू. वैद्यकातही हा शब्द आहे. योग्य निवडलेली दोन औषधं नीट देऊनही फेफऱ्याचे झटके थांबले नाहीत, की त्या अपस्माराला रिफ्रॅक्टरी म्हणतात. तिथे दाद न देणारा आजार असतो, आजारी माणूस नव्हे.

आणि त्याच क्षेत्रात नॉन-कंप्लायंट, म्हणजे सांगितलेलं न पाळणारा, हाही आहे. औषध घेतलं नाही, चुकला तो पेशंट! त्याला ते परवडत नव्हतं का, त्यानं मळमळत होतं का, कुणी समजावलं होतं का, यातलं काही त्या शब्दात नाही. 2003 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन उपचारांवरच्या अहवालात कंप्लायन्सऐवजी (सांगितलेलं पाळणं) ॲडहिरन्स (ठरलेलं धरून राहणं) हा शब्द धरला, तो याचसाठी की त्यात उपचाराला पेशंटची स्वतःची संमती गृहीत आहे. नुसता शब्द बदलून वागणूक बदलते असं मी म्हणणार नाही. पण प्रश्न तरी बदलतो.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी 1948 साली बीबीसी रेडिओवर एक क्रियापद चालवून दाखवलं होतं: मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो डुकरासारखा हेकट मूर्ख आहे. वागणं तेच, फक्त अंतर वाढत गेलं. मराठीतही आपला तो करारी आणि दुसऱ्याचा तो हेकेखोर.

तरीही मला पिगहेडेड, रसेल यांचा तो डुकरासारखा हेकट, चालेल. खरंच आडमुठी माणसं असतात, आणि संतापून शिवी देणारा निदान आपला संताप लपवत नाही. मला भीती वाटते ती अनकोऑपरेटिव्हची. त्यात ना टाच आहे, ना घोडा, ना दगड. 'माझं काम झालं नाही' एवढंच तो सांगतो, तेही निःपक्षपाती नोंदीचा आव आणून. म्हणूनच तो शाळेच्या शेऱ्यात, ऑफिसच्या मूल्यमापनात, केसपेपरवर बिनदिक्कत जाऊन बसतो आणि पुढचा वाचणारा त्याच नजरेने माणसाकडे बघतो. तिसऱ्या दिवशी सकाळी नव्या सिस्टर आल्या त्या आधीच वैतागलेल्या होत्या. मी बाबांच्या कानात यंत्र बसवलं. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, हात वर करा." त्यांनी दोन्ही हात वर केले.

फाइल अजून माझ्याकडे आहे. त्या नोंदीच्या खाली मी पेन्सिलने लिहून ठेवलंय: 'कानातलं यंत्र डबीत होतं.'