धडधड थांबली, म्हणून गोळीही थांबवलीत?

उदगीरला माझं मेडिकल आहे. तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतात, पिशवीतून जुनी चिठ्ठी काढतात आणि गोळ्यांचे पत्ते मोजून घेतात. या महिन्यात आले नाहीत. पेरणीची धांदल असेल म्हणून मी आठवडाभर गप्प बसलो, मग फोन केला. म्हणाले, "लई बरं वाटायलंय आता. रक्त पातळ करायची गोळी बंद केली. मोबाईलवर सगळं आलंय की."

गोळी बंद करून अकरा दिवस झाले होते.

मोबाईलवर काय आलं ते मागवून घेतलं. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी भावकीच्या ग्रुपवर टाकलेला मजकूर, वर लाल अक्षरात "हृदयाच्या धडधडीच्या रुग्णांनो, सावधान!" आणि खाली पाच मुद्दे. एक, उपचारानंतर हॉस्पिटलमधून फोन करून जे प्रश्न विचारतात तो जाहिरातीचा धंदा आहे, उत्तरं देऊ नका. दोन, ईसीजी नॉर्मल आला की रोग संपला, त्यानंतर धडधडलं तर ते मनाचे खेळ. तीन, धडधड थांबली की रक्त पातळ करणारी गोळी बंद करा, नाहीतर मेंदूत रक्तस्राव होईल. चार, ॲब्लेशननं, म्हणजे हृदयात नळी घालून करतात त्या उपचारानं, जीव वाचत नाही हे अमेरिकेतच सिद्ध झालंय. पाच, अर्जुनसालीचा काढा घ्या.

मी डॉक्टर नाही. पण वीस वर्षं याच गोळ्या विकतोय आणि या मजकुरानं माझ्या घरातल्या माणसाची गोळी सोडवली, म्हणून तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. बाकीचे थांबू शकतात.

तात्यांना एट्रियल फिब्रिलेशन होतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांनी तालात आकुंचन पावायचं असतं, ते नुसते थरथरत राहतात. तात्यांच्या भाषेत, "छातीत पाखरू फडफडायलंय." संक्रांतीनंतर हैदराबादला त्यांचं ॲब्लेशन झालं. मांडीच्या शिरेतून नळी आत नेतात आणि फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरा डाव्या वरच्या कप्प्याला जिथं मिळतात तिथं जाळून किंवा गोठवून वेटोळं करतात, म्हणजे तिथून निघणारे चुकार विजेचे ठोके पुढं सरकत नाहीत. फडफड थांबली. तात्या पुन्हा रानात जाऊ लागले. इथपर्यंत उत्तम.

पण गोळी फडफडीसाठी नव्हतीच! वरचा कप्पा थरथरतो तेव्हा डाव्या बाजूच्या एका लहानशा कोपऱ्यात, पिशवीसारख्या जागेत, रक्त साचतं आणि त्याची गाठ होते. ती सुटून मेंदूत गेली की आपल्याकडं म्हणतात तसं अंगावरून वारं जातं. या आजारात लकव्याचा धोका साधारण पाचपट वाढतो. गोळी ती गाठ होऊ नये म्हणून असते. ती द्यायची की नाही हे डॉक्टर धडधडीवरून ठरवत नाहीत, गुण मोजून ठरवतात. वय 65 ते 74 असेल तर एक गुण, बीपीचा एक, शुगरचा एक. तात्या 71 वर्षांचे, बीपी आहे, शुगरही आहे. झाले तीन. पुरुषाचे दोन किंवा जास्त गुण असतील तर गोळी द्यावी असं मार्गदर्शक सूचना सांगतात. छातीत पाखरू फडफडतंय की झोपलंय याला त्या मोजणीत एकही गुण नाही.

"पण मला आता काहीच होईना गेलंय," तात्या म्हणाले. खरी गोम इथंच आहे, आणि गुरुजींच्या मजकुराला तिचा पत्ताच नाही.

2013 साली जामा इंटर्नल मेडिसिनमध्ये एक अभ्यास छापून आला, नाव डिसर्न एएफ. माणसं फक्त 50. पण त्यांच्या छातीच्या कातडीखाली एक बारकं यंत्र बसवलं होतं, ते रात्रंदिवस ठोके नोंदवायचं. शिवाय त्यांना डायरी दिली होती, धडधडलं की लिहून ठेवा म्हणून. ॲब्लेशनच्या आधी आणि नंतर, माणसाचं म्हणणं आणि यंत्राची नोंद शेजारी शेजारी ठेवून पाहिली. ॲब्लेशनच्या आधी फडफडीच्या जाणवलेल्या दर एका खेपेमागं न जाणवलेल्या 1.1 खेपा होत्या. ॲब्लेशननंतर तोच आकडा 3.7 झाला. एकूण खेपा पुष्कळ कमी झाल्या, हे खरंच. पण ज्या उरल्या त्यातल्या बहुतेक माणसाला कळल्याच नाहीत. म्हणजे "मला काहीच होत नाही" हे वाक्य उपचाराआधी जितकं भरवशाचं होतं, तितकंही उपचारानंतर राहत नाही. तात्या खोटं बोलत नाहीत. त्यांना जे जाणवत नाही ते ते सांगणार तरी कसं?

आता नाइलाजानं एक कबुली. गोळीनं रक्तस्राव होतो. तात्यांच्या हिरड्यातून रक्त यायचं, दाढी करताना कापलं की लवकर थांबायचं नाही. आणि 2025 साली दक्षिण कोरियातल्या 840 रुग्णांचा अभ्यास आला, त्यात निवडक लोकांची गोळी थांबवल्यावर नुकसान न होता उलट फायदाच दिसला. हे गुरुजींना माहीत असतं तर त्यांनी नक्की टाकलं असतं. पण ते लोक कोण? ॲब्लेशन होऊन किमान वर्ष झालेलं, त्या काळात तपासण्यांमध्ये आजार परत आलेला दिसला नाही असे, आणि गोळी थांबवली ती डॉक्टरांच्या नजरेखाली. तात्यांना जेमतेम पाच महिने झालेत आणि त्यांची गोळी एका फॉरवर्डनं थांबवली. पहिले दोन-तीन महिने तर गोळी कुणीच सोडायची नसते, गुण शून्य असले तरी. पुढचं ज्याच्या त्याच्या डॉक्टरनं ठरवायचं.

आता पहिला मुद्दा, फोनवरच्या प्रश्नांचा. यातली गंमत अशी की तिसऱ्या मुद्द्यात हा मजकूर माणसाच्या जाणवण्यावर आंधळा विश्वास ठेवतो आणि पहिल्यात त्याच जाणवण्याला धंदा म्हणतो. काहीतरी एक ठरवा की!

"आमची सेवा कशी वाटली, पाच तारे द्या" हा फोन जाहिरातीचा असतो, मान्य. तो खुशाल कट करा. पण तात्यांना आलेला फोन वेगळा होता. त्यात गेल्या चार आठवड्यांबद्दल विचारत होते: धडधड किती त्रास देते, चढ चढताना किती अडचण होते, आजार परत येईल याची किती काळजी वाटते. एट्रियल फिब्रिलेशनसाठी अशी 20 प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात, तिला एफेक्ट म्हणतात. प्रत्येक उत्तराला सात पायऱ्या, शेवटी 0 ते 100 गुण, 100 म्हणजे आजाराचा जगण्यावर काही ताण नाही. हे ईसीजीत येत नाही. जिना चढताना माणूस मध्ये थांबतो का, हे कुठल्याही कागदी पट्टीवर उमटत नाही. ते विचारावंच लागतं.

तक्रार करायचीच तर माझ्याकडं खरी तक्रार आहे. ही प्रश्नावली अमेरिकेत तयार झाली. तिच्यात दमछाकीचं उदाहरण म्हणून टेनिस येतं. आमच्या तात्यांना टेनिस विचारून काय कळणार? सोयाबीनचं कट्टं पाठीवर घेता येतं का, विहिरीच्या पायऱ्या एका दमात चढता का, असं विचारा. दुसरं म्हणजे आपल्याकडं फोन उचलतो मुलगा आणि वडिलांच्या वतीनं उत्तरं तोच ठोकून देतो. तिसरं, आपली म्हातारी माणसं. डॉक्टरनं कसं आहे विचारलं की त्यांचं एकच उत्तर, "बरंय." मरणाच्या दारात असले तरी बरंय. सात पायऱ्यांची प्रश्नावली या एका शब्दापुढं हात टेकते.

चौथा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त डोक्यात जातो. काबाना नावाचा मोठा अभ्यास 2019 साली आला, दहा देशांतले 2204 रुग्ण. मृत्यू, अपंग करणारा लकवा, गंभीर रक्तस्राव, हृदय बंद पडणं या सगळ्यांची बेरीज धरली तर ॲब्लेशन आणि औषधं यांत ठोस फरक दिसला नाही. बरोबर. पण त्याच अभ्यासात तीच एफेक्ट प्रश्नावली वापरली होती. सुरुवातीला दोन्ही गटांचे गुण 63 च्या आसपास. वर्षानं औषधवाले 80.9 वर, ॲब्लेशनवाले 86.4 वर. हे वाक्य फॉरवर्डमध्ये का नाही? तरी कुणी म्हणेल, एवढा मोठा उपचार झाला म्हणूनच बरं वाटतंय. ती शंका रास्त होती, म्हणून ब्रिटनमध्ये 126 जणांवर तेही करून पाहिलं. निम्म्यांना खरं ॲब्लेशन, निम्म्यांना गुंगी देऊन नुसता देखावा, आणि आपल्याला काय मिळालं हे रुग्णाला सांगितलेलं नाही. सहा महिन्यांनी खऱ्या उपचारवाल्यांची गुणवाढ देखाव्यावाल्यांपेक्षा 18 गुणांनी जास्त. हे 2024 साली छापून आलं.

ईसीजी नॉर्मल म्हणजे रोग संपला? नेहमीचा ईसीजी दहा सेकंदांचा असतो, दिवसात 86,400 सेकंद. माझ्याकडं येणाऱ्या एका अंगणवाडी ताईंना कितीतरी दिवस "टेन्शन घेऊ नका" एवढंच ऐकावं लागलं, कारण गावाहून उदगीरला येईपर्यंत धडधड थांबलेली असायची. शेवटी एकदा धडधड चालू असतानाच सरकारी दवाखान्यात पोचल्या, तेव्हा ठोके निघाले मिनिटाला 190. मनाचे खेळ म्हणणाऱ्यांपैकी कुणी नंतर त्यांच्याशी बोललं नाही.

अर्जुनसालीवर मी फार बोलत नाही, दुकानात तीही विकतो. गाठ थांबवणाऱ्या गोळीच्या जागी ती चालते असं मात्र मी आजवर एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही, आणि गोळी चालू असताना काढा घ्यायचा तर आधी डॉक्टरांना विचारा म्हणूनच देतो.

तात्यांच्या हैदराबादच्या डॉक्टरांशी त्याच दिवशी फोनवर बोलणं करून दिलं. गोळी पुन्हा सुरू झाली. परवा मी घरी गेलो होतो तेव्हा त्या प्रश्नांचा फोन परत आला. तात्या पहिल्याच प्रश्नाला "बरंय, बरंय" म्हणाले. काकूंनी हातातून मोबाईल घेतला, "कुठलं बरंय ओ? रात्री दोनदा उठून बसायलेत, मला उठवत नाहीत," म्हणाल्या आणि फोन पुन्हा त्यांच्याच कानाला लावला. तात्या थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हं, विचारा. पहिल्यापासून विचारा."