तांबडी-हिरवी, काळी-पिवळी

2009 ची गोष्ट, न्यू जर्सीतली. महिन्याला पंचवीसेक डॉलर भरा आणि इंडियाला हवं तेवढं बोला अशी इंटरनेट फोनची स्कीम निघाली आणि आमच्या ओळखीतल्या यच्चयावत मराठी घरांतली कॉलिंग कार्डं केराच्या टोपलीत गेली. त्यात सासू-सासरे उन्हाळाभर आमच्याकडे आलेले, सासूबाईंच्या बहिणी नागपूर-अमरावतीकडे, म्हणजे स्कीम आमच्याकडे बघूनच काढली असावी.

साधा फोन इंटरनेटला जोडणारा अडॅप्टर आला. एवढासा डबा, त्याला फोन लावायला एकच भोक. डबा मॉडेमला लागणार, मॉडेम बेसमेंटमध्ये, म्हणजे फोनही बेसमेंटमध्ये. सासूबाईंनी पहिला कॉल फर्नेसशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून केला, अंगावर शाल घेऊन. वर आल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, किचनमध्ये भिंतीवर चांगला फोन आहे की, तो का नाही चालत?"

बायको म्हणाली, तीन-चार हँडसेटवाला कॉर्डलेस आणा आणि विषय संपवा. बरोबरच म्हणाली. पण घर सत्तरच्या दशकातलं, बिल्डरने खोलीखोलीत फोन लावायचा जॅक दिलेला, अगदी बाथरूममध्ये कमोडशेजारीसुद्धा, आणि एवढी वायर भिंतीत आयती पडलेली असताना पैसे खर्च करायचे हे माझ्यातल्या कोकणस्थाला काही पटेना.

थिअरी सोपी आहे. घरातले सगळे जॅक आतून एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे अडॅप्टरची वायर त्यातल्या कुठल्याही एकात खुपसली की बाकीचे आपोआप जिवंत. फक्त त्याआधी फोन कंपनीची लाइन घरापासून तोडायची, नाहीतर तिचे 48 व्होल्ट उलटे अडॅप्टरमध्ये घुसतात आणि डबा राम म्हणतो. आणि गोची अशी की आमचं इंटरनेट डीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरचं, तेही त्याच लाइनवरून येतं! लाइन तोडली तर इंटरनेट गेलं, इंटरनेट गेलं की फोन गेला, आणि नाही तोडली तर अडॅप्टर गेला. मराठी मंडळाच्या पॉटलकला विषय काढला तर साबुदाणा वडा खातखात जो तो म्हणे, "फिल्टर लाव रे." अरे बाबांनो, फिल्टर डीएसएलची खरखर फोनपर्यंत येऊ देत नाही, व्होल्टेज नाही अडवत. (नुसती लाइन बंद केली की डीएसएलही जायचं, म्हणून फोनशिवायचं डीएसएल तेव्हा वेगळं मागून घ्यावं लागायचं. ते मिळवायची कथा वेगळी आहे, तिच्यात होल्डवरचा सॅक्सोफोन फार आहे.)

उत्तर सापडलं घराबाहेरच्या करड्या डब्यात. कंपनीची वायर जिथे येऊन घराच्या वायरिंगला मिळते तो डबा. झाकण उघडलं तर आधी कोळ्याचं जाळं, मग एक वाळलेली गांधीलमाशी, आणि मग वायर. चार तारा. तांबडी-हिरवी स्क्रूला बांधलेली आणि काळी-पिवळी वायरीभोवतीच गुंडाळून ठेवलेली, घर बांधल्यापासून कुणी हात न लावलेली. दुसरी लाइन घेतली तर असावी म्हणून दिलेली ती जोडी. म्हणजे कंपनीच्या स्क्रूवरून तांबडी-हिरवी काढायची, तिथे काळी-पिवळी बांधायची, त्यांच्यावरून डीएसएल बेसमेंटपर्यंत न्यायचं आणि रिकामी झालेली तांबडी-हिरवी अख्ख्या घरभर अडॅप्टरला आंदण द्यायची.

सासरे एमएसईबीतून रिटायर झालेले, त्यामुळे सुपरव्हिजन त्यांच्याकडे. "48 व्होल्ट म्हणजे काहीच नाही हो," असं म्हणून त्यांनी दोन्ही तारा चिमटीत धरल्या. आता, जुना नंबर इंटरनेट फोनवर हलवणं, म्हणजे पोर्ट होणं, अजून बाकी होतं, म्हणजे लाइन चालू होती, आणि रिंग येते तेव्हा त्याच तारांवर 90 व्होल्टच्या आसपास एसी करंट येतो. त्याच क्षणी कुणालातरी आम्हाला कार्पेट धुण्याची ऑफर द्यायची होती. सासऱ्यांच्या तोंडून जे निघालं ते अस्सल वऱ्हाडी होतं, आणि पलीकडच्या अंगणातल्या गोऱ्या आजोबांनी ते "हॅलो" समजून हात हलवला.

खाली बेसमेंटमध्ये वेगळीच भानगड. मॉडेम बघतो जॅकच्या मधल्या दोन पिना, तिथे परंपरेने तांबडी-हिरवी असते, त्यामुळे मॉडेमच्या जॅकवर काळी-पिवळी मध्ये आणली आणि तांबडी-हिरवीला शेजारी नवा जॅक काढून दिला अडॅप्टरसाठी. सगळं झालं, वर सगळीकडे डायल टोन आला, फक्त मागच्या फॅमिली रूममध्ये मेल्याची शांतता. ती खोली नंतर वाढवलेली आणि तिथली केबल नव्या पद्धतीची: निळी, नारिंगी, हिरवी आणि प्रत्येकीची पांढऱ्या पट्ट्यांची बहीण. सासरे ओरडले, "हिरवी सापडली, हिरवी!" पण नव्या केबलीतली हिरवी तिसऱ्या लाइनची, पहिल्या लाइनचा मान तिथे निळ्या जोडीला. ती जोडली आणि तीही खोली बोलू लागली.

सासूबाई आता किचनमधून पोळ्या लाटत बोलतात. मुलगा खाली काही अपलोड करत असला की अमरावतीच्या मावशींना अर्धीच वाक्यं पोचतात, पण त्या उरलेलं अर्ध स्वतःच्या मनाने भरून घेतात, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. सगळे जॅक एकाच जोडीवर असल्याने सासरे बेडरूममधला रिसीव्हर हळूच उचलतात आणि मध्येच "असं झालंच नव्हतं" म्हणून दुरुस्ती सुचवतात, मग तिघांचं भांडण होतं, तेही अनलिमिटेड प्लॅनमध्ये.

बाथरूमच्या जॅकला अजून फोन लावलेला नाहीये. सासऱ्यांनी दोनदा विचारून झालंय.