वहिनी-मावश्यांच्या ग्रुपवरचं मायक्रोब्लेडिंगचं ढकलपत्र: एकेका थापेचा हिशोब

मायक्रोब्लेडिंग म्हणजे विरळ भुवयांवर बारीक चिरा देऊन त्यात रंग भरणं. आधी ग्रुपवर फिरणाऱ्या ढकलपत्राचा मूळ मजकूर, थोडक्यात:

‘मायक्रोब्लेडिंग हा टॅटू नाही. रंग फक्त वरच्या थरात बसतो आणि वर्षभरात खूणही न ठेवता निघून जातो. रंग 100 टक्के हर्बल. गरोदर, डायबेटिक, थायरॉइडवाल्या, कोड असलेल्या, कोणालाही चालतं. सुईमुळे मुळं जागी होऊन खऱ्या भुवया उगवतात. लग्नाच्या आठ दिवस आधी करा म्हणजे रंग ताजा दिसेल. खपली धरली तर हळद-साय लावून काढून टाका, खालचा खरा रंग उजळेल. एकदाच करा आणि आयब्रो पेन्सिलला आयुष्यभराचा रामराम ठोका.’

सोसायटीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, योगावर्गाचा ग्रुप, सगळीकडून हे आलं आणि मी दुर्लक्ष केलं. रंग वर्षभरात निघून जातो आणि पेन्सिल मात्र आयुष्यभरासाठी सुटते, ही दोन वाक्यं एकाच मजकुरात ज्याला खटकली नाहीत त्याच्याशी काय वाद घालायचा? पण परवा मावशीचा फोन आला. तुळशीचं लग्न उरकलं की मावसबहिणीचं लग्न आहे आणि मावशी मायक्रोब्लेडिंगचे आगाऊ पैसे भरून आली होती. मावशीला थायरॉइड आहे आणि कोडही आहे. ‘अगं, त्यात स्पष्ट लिहिलंय ना, कोड असलेल्यांना चालतं म्हणून,’ हे तिचं वाक्य. तेव्हा आता जरा आवाज चढला तर समजून घ्या.

एक सांगून टाकते. मी या प्रकाराच्या विरोधात नाही. माझ्या स्वतःच्या भुवया मी करून घेतल्यात, मला आवडल्यात, आणि सकाळी साडेआठला स्कूटीला किक मारताना आरशात बघायला लागत नाही याचं सुख मलाही कळतं. राग आहे तो थापांवर.

कोडापासून सुरू करते, कारण सगळ्यात घातक वाक्य तेच आहे. कोड असलेल्या बऱ्याच लोकांच्या बाबतीत, विशेषतः आजार पसरत असताना, कातडीला जिथे इजा होते तिथेच काही दिवसांनी नवा पांढरा डाग उठू शकतो. ओरखडा, भाजणं, सुई, काहीही पुरतं. याला कोबनर फिनॉमेनन म्हणतात. हाइनरिश कोबनर या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने 19व्या शतकात ते सोरायसिसमध्ये नोंदवलं होतं, त्यामुळे सोरायसिसवाल्यांनीही कान टवकारावेत. आता मायक्रोब्लेडिंगमध्ये नेमकं काय करतात ते बघा. बारीक सुयांची रांग बसवलेलं पेनासारखं हत्यार घेऊन भुवईवर केसासारखी एकेक चीर देतात आणि त्या चिरांमध्ये रंग चोळतात. दोन्ही भुवया मिळून अशा डझनावारी चिरा होतात. म्हणजे जिच्या अंगावर इजेच्या जागी डाग उठू शकतो, तिच्या ऐन चेहऱ्यावर, मुद्दाम, पैसे घेऊन इजा करायची. डाग भुवईवर आला तर तिथले केसही पांढरे होऊ शकतात. म्हणजे विरळ भुवया झाकायला गेलेली बाई पांढऱ्या भुवया घेऊन परत.

‘पण डॉक्टरसुद्धा कोडावर रंग भरतात, मी ऐकलंय,’ मावशी म्हणाली. आणि इथे नाइलाजाने मान्य करावं लागतं की ती चुकीचं बोलत नाही. त्वचारोगतज्ज्ञ कोडाच्या डागांवर टॅटूसारखाच रंग भरतात, विशेषतः ओठांसारख्या जागी, जिथे औषधांना लवकर दाद मिळत नाही. पण त्याआधी आजार स्थिर आहे का ते तपासतात. साधारण वर्षभर नवा डाग आलेला नाही, जुना वाढलेला नाही, हे पाहिल्याशिवाय सुई उचलत नाहीत. मावशीच्या बोटांच्या पेरांवर याच उन्हाळ्यात नवे डाग आलेत. स्टुडिओत तिला कोणी विचारलं? फॉर्मवर नाव, मोबाईल नंबर आणि ‘आमच्याबद्दल कुठून कळलं’. बस्स. पुण्यात ससून रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे, केसपेपर काढून बसलं तर फार तर एक सकाळ जाईल. ती सकाळ न घालवता ‘कोणालाही चालतं’ लिहिणाऱ्याने निदान स्वतःचं नाव तरी खाली घालायचं होतं.

थायरॉइडचं वाक्यही याच पंगतीतलं. भुवईचा कानाकडचा तिसरा हिस्सा विरळ होणं हे थायरॉइड कमी पडल्याचं डॉक्टरांच्या जुन्या ओळखीचं लक्षण आहे. भुवया इतरही कारणांनी झडतात: चाई पडते, काही वेळा कुष्ठरोगही असतो, आणि वर्षानुवर्षांचं थ्रेडिंगही असतं. कारण न शोधता वरून रंग भरला की लक्षण झाकलं जातं, आजार आत चालू राहतो. मावशीला विचारलं, टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, शेवटची कधी केलीस? तर म्हणे, ‘बघायला लागेल फाईलमध्ये.’

आता ‘हा टॅटू नाही, रंग वरच्या थरात बसतो’. कातडीचा वरचा थर सतत झडत असतो आणि महिना-दीड महिन्यात जवळजवळ नवा होतो. रंग फक्त तिथे असता तर दिवाळीला केलेल्या भुवया नाताळपर्यंत गायब झाल्या असत्या. त्या वर्ष-दोन वर्षं, कधी तीन वर्षंही दिसतात, कारण रंग त्याखालच्या थरात, त्याच्या वरच्या भागात, ठेवलेला असतो. तिथल्या पेशी रंगाचे कण गिळून धरून ठेवतात. त्या पेशी मेल्या की कण मोकळे होतात आणि नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2018 साली उंदरांवर हे दाखवलं. गोंदण टिकतं ते यामुळेच. आपल्या आज्यांच्या कपाळावरचं गोंदण आठवा. काजळीचा काळा रंग भरलेला, पण दिसतो हिरवट-निळा, कारण कातडीच्या आतून काळा रंग तसाच दिसतो. मायक्रोब्लेडिंगचा हात जरा खोल गेला तर भुवया राखाडी-निळ्या दिसतात त्यामागचं कारणही तेच.

रंग फिका पडतो हे खरं. ‘खूणही न ठेवता’ हे मात्र खोटं. बऱ्याच जणींच्या भुवयांवर मागे लालसर-नारिंगी किंवा करडी छटा उरते. एकाच जागी पुन्हा पुन्हा चिरा दिल्या तर व्रणही राहतो. आपल्या वर्णाच्या कातडीत व्रण फुगून केलॉइड होण्याचं प्रमाण गोऱ्या कातडीपेक्षा जास्त असतं. कान टोचल्यावर ज्यांच्या पाळीला गाठ आली होती त्यांनी इथेच वाचन थांबवून बुकिंग रद्द करावं.

हर्बलबद्दल फार लिहीत नाही. या रंगांत प्रामुख्याने आयर्न ऑक्साइड, कार्बन ब्लॅक आणि टायटॅनियम डायऑक्साइड असतात. मेंदी नसते, जास्वंद नसते. अमेरिकेत औषधं आणि प्रसाधनांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने तर सरळ लिहून ठेवलंय की कातडीत टोचण्यासाठी त्यांनी कुठल्याच रंगाला मंजुरी दिलेली नाही. 2003-04 मध्ये परमनंट मेकअपच्या काही विशिष्ट शेड्सबद्दल त्यांच्याकडे दीडशेहून जास्त तक्रारी आल्या होत्या आणि तो माल बाजारातून परत घ्यावा लागला होता. अजून एक, जे दुकानात कोणी सांगत नाही: आयर्न ऑक्साइड किंवा टायटॅनियम असलेल्या रंगावर लेझर मारलं तर तो कधीकधी जाण्याऐवजी आणखी काळा पडतो. ‘नाही आवडलं तर लेझरने काढू’ म्हणणाऱ्यांनी हे आधी ऐकावं.

सुई आणि रंग स्वच्छ नसेल तर काय होतं याचं एक उदाहरण पुरे आहे. 2009 साली स्वित्झर्लंडमध्ये एकाच आर्टिस्टकडून भुवया करून घेतलेल्या 12 जणांना मायकोबॅक्टेरियम हिमोफिलम नावाच्या जंतूचा संसर्ग झाला. हा क्षयाच्या जंतूचा लांबचा नातेवाईक. भुवयांवर गाठी आल्या, चेहऱ्या-मानेच्या लसिकाग्रंथी सुजल्या, अनेक अँटिबायोटिक्स एकत्र द्यावी लागली आणि बहुतेकांवर शस्त्रक्रिया करावी लागली. वापरलेल्या रंगात या जंतूचा डीएनए सापडला. हे सगळं क्लिनिकल इन्फेक्शियस डिसीजेस या नियतकालिकात 2011 मध्ये छापून आलंय. ही कथा स्वित्झर्लंडची आहे. तुमच्या बिल्डिंगखालच्या पार्लरमध्ये ‘ब्लेड नवीनच आहे हो ताई’ म्हणून पाकीट न दाखवणारी जी कोणी असेल, तिच्या बाबतीत अंदाज तुमचा तुम्ही करा. ब्लेड सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढलं पाहिजे, रंग ओतायची वाटी नवी पाहिजे, आणि वाटीत उरलेला रंग बाटलीत परत ओतायचा नाही. हिपॅटायटिस बी आणि सी दूषित सुईनेही पसरतात. गणपतीत मंडळाच्या रक्तदान शिबिरात जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं: आपल्याकडच्या नियमांप्रमाणे टॅटू केल्यावर 12 महिने रक्त देता येत नाही, आणि या भुवया त्यातच मोडतात.

गरोदरपणात, अंगावर पाजत असताना, साखर ताब्यात नसताना, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना करू नये. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेतलं असेल तर डॉक्टरांना विचारून, सहसा सहा महिने थांबून. यावर वाद नाही, म्हणून पुढे जाते.

‘सुईमुळे खऱ्या भुवया उगवतात’ या थापेला एक धागा आहे, तो कुठून आला ते सांगते. 2013 साली मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टक्कल पडत असलेल्या पुरुषांच्या डोक्यावर बारीक सुयांचा रोलर फिरवून सोबत मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध दिल्यावर नुसत्या मिनॉक्सिडिलपेक्षा जास्त केस आले. अभ्यास चांगला आहे. पण तो पुरुषांच्या डोक्यावरचा, रोलरचा, औषधासोबतचा आहे. भुवईवर ब्लेडने चिरा देऊन त्यात रंग भरण्याशी त्याचा संबंध नाही. उलट चीर खोल गेली आणि व्रण झाला तर त्या जागी केस येत नाहीत.

आणि आता माझा सगळ्यात लाडका मुद्दा: लग्नाच्या आठ दिवस आधी.

माझ्या भुवयांचं काय झालं ते क्रमाने सांगते, कारण बहुतेकींचं थोड्याफार फरकाने असंच होतं. पहिले दोन-तीन दिवस त्या इतक्या काळ्याभोर आणि ठसठशीत होत्या की दूधवाल्याने दोनदा वळून बघितलं. मग कोरडेपणा, खाज आणि खपल्या. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात त्या तुकड्यातुकड्याने पडतात. म्हणजे आठव्या दिवशी, ऐन अक्षता पडताना, एक भुवई अर्धी आणि दुसरी पाऊण. पुढचा आठवडा-दोन आठवडे रंग जवळजवळ दिसेनासा होतो आणि पैसे पाण्यात गेले असं वाटतं. महिनाभराने तो हळूहळू वर येतो, पहिल्या दिवसापेक्षा बराच फिका. सहा ते आठ आठवड्यांनी टचअप करतात, आणि त्याच्याही खपल्या पडतातच. तेलकट कातडीत रेघा पसरून धूसर होतात. अशांना चांगला आर्टिस्ट स्वतःहून मशीनने बारीक ठिपके भरून केलेली पावडर ब्रो सुचवतो. लग्नासाठी करायचंच असेल तर तीन महिने आधी. आठ दिवस आधी नाही.

खपली काढायची तर अजिबातच नाही. खपलीबरोबर रंग उपटून येतो, मध्येच रिकामा ठिपका पडतो आणि जखम उघडी राहते. त्यावर स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद आणि साय? तो डबा आपण फोडणीच्या हाताने उघडतो. लग्नघरात पुन्हा हळदीचा कार्यक्रम असतो आणि हौशी काकू कपाळापासून हनुवटीपर्यंत चोळतात. पुण्यात वर आपला स्कार्फ. डोळे सोडून सगळा चेहरा गुंडाळून सिंहगड रोडवरून जायचं, आणि स्कार्फची कड नेमकी भुवईवर घासायची. वर हेल्मेटचा घामट फोम. मी ते दहा-बारा दिवस बसने आणि रिक्षाने काढले. घाम नको, ऊन नको, पोहणं नको, मेकअप नको. आर्टिस्टने दिलेलं मलम पातळसं लावायचं, एवढंच.

चिरा देण्याआधी कातडी बधिर करायला लावतात त्या नंबिंग क्रीमबद्दल ढकलपत्रात अवाक्षर नाही, म्हणून जाता जाता. त्यात लिडोकेन असतं. एफडीएने मार्च 2024 मध्ये अशा कामांसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या, 4 टक्क्यांपेक्षा जास्त लिडोकेन असलेल्या क्रीमांविरुद्ध इशारा दिला होता, कारण ते जास्त प्रमाणात रक्तात गेलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि फिट येऊ शकते. ट्यूब मागा, टक्के वाचा.

मी हे सगळं आमच्या घरच्या ग्रुपवर थोडक्यात टाकलं, तर काकांनी लगेच उलट्या बाजूचं ढकलपत्र चिकटवलं: ‘भुवयांवर रंग असेल तर एमआरआयमध्ये चेहरा जळतो!!’ काका, तेही खोटंच. आयर्न ऑक्साइडमुळे एमआरआयच्या वेळी क्वचित जळजळ किंवा सूज येते, हे एफडीएही मान्य करतं. पण 2019 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये टॅटू असलेल्या 330 जणांना एमआरआयमध्ये घालून बघितल्याचा अभ्यास आला. टॅटूमुळे त्रास झाला तो एकाला, आणि तोही किरकोळ. एमआरआय टाळायचा नाही. आत जाण्याआधी तंत्रज्ञाला सांगायचं की भुवयांवर रंग आहे, आणि जळजळलं तर हातातलं बटण दाबायचं. काकांनी त्यावर अंगठा पाठवलाय. ढकलपत्र मात्र अजून काढलेलं नाही.