थाळी छतावर आली म्हणून फायबर विसरायचं?

दिवाळीनंतर आमच्या भावकीच्या ग्रुपवर एकच मेसेज तीनदा येऊन पडला. एकदा ठाण्याच्या काकांकडून, एकदा पुण्याच्या चुलतभावाकडून, आणि तिसऱ्यांदा पुन्हा काकांकडूनच, कारण आधी आपणच पाठवलाय हे ते विसरले. मजकूर असा: 'गावाकडच्यांनो, फायबरची वाट बघणं सोडा! स्टारलिंक आलंय. महिना फक्त ८४० रुपये, अमर्याद डेटा. टॉवर नको, केबल नको, पावसाची भीती नाही. एका डिशवर अख्खी वाडी चालते. महाराष्ट्र सरकारने करार केलाय, गावांना फुकट मिळणार. जिओ-एअरटेलची दुकानं आता बंद!'

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: स्टारलिंक म्हणजे इलॉन मस्कच्या स्पेसएक्स कंपनीची उपग्रहावरून इंटरनेट देणारी सेवा, छतावर थाळीएवढी डिश बसवून घ्यायची. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी. फायबर मुख्य रस्त्यापर्यंत आलंय, वाडी तिथून दीड किलोमीटर खाली. मोबाइलला माजघरात एकही काडी नाही, मागच्या पडवीत एक, आणि विहिरीच्या कठड्यापाशी उभं राहिलं तर दोन. म्हणजे हा मेसेज माझ्यासारख्यांसाठीच लिहिलेला. म्हणूनच तो ओळीओळीने तपासावासा वाटला.

'आलंय' इथपासूनच गडबड आहे. हे 'आलंय' आपण दुसऱ्यांदा ऐकतोय. २०२१ मध्ये याच कंपनीने ९९ डॉलर घेऊन भारतात आगाऊ नोंदणी सुरू केली होती. परवाना नव्हता. नोव्हेंबरात दूरसंचार खात्याने 'पैसे भरू नका' असं जाहीर केलं आणि पुढे कंपनीला ते परत करावे लागले. दूरसंचार खात्याचा परवाना मिळायला जून २०२५ उजाडलं, तर अंतराळ क्षेत्राचं नियमन करणाऱ्या इन-स्पेसची पाच वर्षांची मंजुरी जुलैत मिळाली. ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईत सुरक्षा चाचण्या झाल्या. पण उपग्रहासाठी लहरी (स्पेक्ट्रम) वापरण्याचा सरकारी दर काय असावा यावर घोळ चालूच राहिला. दूरसंचार नियामक ट्रायने मे महिन्यात महसुलाच्या ४ टक्क्यांची शिफारस केली होती. २०२५ संपत आलं तरी घरगुती जोडणी विक्रीला आलेली नव्हती. त्यामुळे वर्ष संपायच्या आत कुणी दारात येऊन 'बुकिंगचे दोन हजार' मागितले, तर तो कंपनीचा माणूस नव्हता एवढं नक्की.

आता ८४० रुपये. हा आकडा हवेतून आलेला नाही, बातम्यांतून आलाय. कंपनी सुरुवातीला महिना दहा डॉलरच्या आत सेवा देईल अशा अंदाजाच्या बातम्या मे २०२५ मध्ये होत्या. दहा डॉलरचे साडेआठशे रुपये झाले आणि 'अंदाज' हा शब्द फॉरवर्ड होता होता वाटेत गळाला. मग ८ डिसेंबरला कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावर महिना ८,६०० आणि डिशच्या संचाचे ३४,००० असे आकडे झळकले. ती चाचणीची माहिती चुकून दिसली, भारतातले दर जाहीर झालेले नाहीत, असं कंपनीने लगेच सांगितलं. गंमत म्हणजे हा दुसरा आकडा आमच्या ग्रुपवर कुणीच टाकला नाही.

खरा अंदाज हवा असेल तर शेजारी बघावं. भूतानमध्ये २०२५ च्या सुरुवातीपासून ही सेवा चालू आहे, आणि तिथलं चलन रुपयाच्या बरोबरीचं असल्यामुळे हिशेब सोपा: हलका प्लॅन महिना ३,०००, नेहमीचा ४,२००. बांगलादेशात मे २०२५ मध्ये सुरुवात झाली ती ४,२०० आणि ६,००० टाक्यांनी, वर डिशचे ४७,००० टाका. त्यापुढे आपल्याकडचं, मोबाइल टॉवरवरून बिनतारी येणारं जिओ एअरफायबर ठेवा. ३० एमबीपीएसला ५९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०७ रुपये. जिथे हे दोन्ही मिळतं, तिथे महिना तीन हजार मोजून थाळी बसवणं म्हणजे दारात नळ असताना टँकर मागवणं.

फुकटाचा मुद्दा लगेच निकालात निघतो. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केलं हे खरं आहे, असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. पण ते आहे सरकारी संस्था, दुर्गम वस्त्या आणि अत्यावश्यक सुविधा जोडण्यासाठी, आणि त्यात नावं आहेत गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव यांची. भामरागडकडच्या आश्रमशाळेला किंवा धडगावच्या आरोग्य केंद्राला डिश मिळाली तर ती अगदी योग्य जागी गेली असं मी म्हणेन. आमच्या ओटीवर सरकार डिश आणून ठेवणार असं त्या पत्रात कुठेही नाही.

'टॉवर नको, केबल नको.' घरापुरतं हे बरोबर. पण उपग्रह काही हवेतून इंटरनेट तयार करत नाही. आपली मागणी डिशवरून उपग्रहाकडे, तिथून जमिनीवरच्या गेटवे केंद्राकडे आणि तिथून पुन्हा फायबरमध्येच जाते. फायबर गेलं खड्ड्यात म्हणणाऱ्यांची थाळीही शेवटी त्याच खड्ड्यातल्या तारेवर जगते.

इथे दुसऱ्या बाजूचंही एक खोडून काढतो. ग्रुपवर एका शहाण्याने उत्तर दिलं, 'सॅटेलाइट म्हणजे स्लो, व्हिडिओ कॉल होतच नाही.' हे जुन्या उपग्रहांचं आहे. ते ३५,७८६ किलोमीटरवर असतात. मागणी वर-खाली आणि उत्तर वर-खाली धरलं तर जवळजवळ १ लाख ४३ हजार किलोमीटरचा प्रवास, प्रकाशाच्या वेगानेही अर्ध्या सेकंदाच्या आसपास. बोलताना दोघं एकमेकांच्या वाक्यावर आदळतात ते त्यामुळे. स्टारलिंकचे उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात. तेवढाच हिशेब तिथे आठ मिलिसेकंदांच्या आत बसतो आणि बाकीची यंत्रणा धरूनही आकडा साधारण २५ ते ६० मिलिसेकंदांत राहतो. मीटिंग, ऑनलाइन वर्ग, सगळं नीट चालतं.

आता पाऊस. मेसेज लिहिणाऱ्याने कोकणात जुलै काढलेला नसावा. डीटीएचची छत्री असलेल्या कुणालाही विचारा, मुसळधार सुरू झाला की पडद्यावर 'सिग्नल नाही'. स्टारलिंकची घरगुती डिशही त्याच केयू पट्ट्यातल्या लहरी ऐकते आणि पावसाचे थेंब त्या लहरी खातात. फरक एवढाच की इथे डिश एकाच उपग्रहाला बांधलेली नसते, ती सतत नवा धरत असते. रिपरिप पावसात काही कळत नाही, पण काळाकुट्ट ढग डोक्यावर फुटला की काही मिनिटं संपर्क जातो. तेव्हा 'भीती नाही' हे खोटं.

पण खोटं म्हणून थांबलो तर माझंही अर्धंच सांगून होईल. पावसाळ्यात आमच्या भागात खांबांवरून ओढलेली केबल तुटते ती पावसाने नाही, पडलेल्या झाडाने. आणि ती जोडायला माणूस येईपर्यंत आठवडा जातो. दहा मिनिटं आणि आठ दिवस यांत निवड करायची तर मी दहा मिनिटं घेईन. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडकडे खांब आडवे झाले, मोबाइलही मुके झाले. मुंबईतली माणसं घरच्यांचा आवाज ऐकायला तळमळत होती. अशा वेळी गावात एक जरी डिश सौर पॅनेलवर चालू असती, तर तिची किंमत कुणी विचारली नसती. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला नेमका हाच मुद्दा सुचला नाही.

सौर पॅनेल म्हटलं, कारण विजेची गोष्ट त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. फायबरचा मोडेम दहा-बारा वॅटवर भागवतो. स्टारलिंकची नेहमीची घरगुती डिश ७५ ते १०० वॅट घेते. दिवसरात्र चालू ठेवली तर महिन्याला ५४ ते ७२ युनिट. गावच्या घराचं बिल ८० युनिटांचं असेल तर ते शंभरची पायरी ओलांडतं, आणि शंभराच्या वरच्या युनिटांचा दर खालच्यांच्या दुपटीच्या घरात आहे. त्यात वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी डिश की आधी पंखा, हे भांडण घरात सुरू. दीडशे अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात, प्रत्यक्षात हाती लागतात त्याहून बरेच कमी. एकट्या डिशला ते दहा-बारा तास पुरतील, पंखा आणि दिवे जोडले तर अर्धेच. लहान 'मिनी' डिश २५ ते ४० वॅटवर चालते. इन्व्हर्टरवर जगणाऱ्या घरांनी आधी तिचाच विचार करावा.

'एका डिशवर अख्खी वाडी' ही कल्पना तशी गोड आहे. तांत्रिकदृष्ट्या राउटरला रिपीटर जोडून चार घरांत वायफाय पोचवता येतं. पण घरगुती जोडणी विकत घेऊन शेजाऱ्यांकडून महिना वसूल करणं हा धंदा झाला, आणि त्याला परवाना लागतो. सरळ वाट डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेची आहे. वाडीतला दुकानदार परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय देऊ शकतो, मात्र आपली जोडणी अशी पुढे वाटण्याची मुभा मूळ कंपनीने द्यायला हवी. शिवाय आकाशातली जागाही वाटून घ्यायची असते. एका भागावर ठरावीकच क्षमता असते, नैरोबीत २०२४ मध्ये गिऱ्हाईकं इतकी वाढली की कंपनीला नवी नोंदणी थांबवावी लागली. आपल्याकडे केंद्रीय दूरसंचार राज्यमंत्री पेम्मसानी चंद्रशेखर यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितलं की स्टारलिंकला देशभरात २० लाखांपर्यंतच ग्राहक घेता येतील. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रातच २ कोटी ३८ लाख कुटुंबं होती.

राहिली जिओ-एअरटेलची दुकानं. मार्च २०२५ मध्ये, ११ तारखेला एअरटेलने आणि १२ ला जिओने, स्टारलिंकशी करार जाहीर केले. काकांना डिश घ्यायचीच झाली तर बहुधा त्याच दुकानात जावं लागेल.

मग कुणी घ्यावी? माझा क्रम असा. आधी ग्रामपंचायतीत विचारा की भारतनेटची, म्हणजे गावोगाव फायबर नेणाऱ्या सरकारी योजनेची, तार कुठपर्यंत आली आहे. आली असेल तर पाच-दहा घरांनी मिळून अर्ज करा, एकट्याच्या अर्जासाठी दीड किलोमीटर तार कुणी ओढत नाही. ते जमत नसेल तर सिग्नल बघायला फोन घेऊन छतावर चढा, एअरफायबरच्या बाहेर बसवायच्या अँटेनाला खालच्या खोलीपेक्षा पुष्कळ जास्त सापडतं. डोंगर आड येतो म्हणून तेही नाही, आणि घरात कुणाची नोकरी किंवा कुणाचं शिक्षण इंटरनेटवर अडलंय, तर डिश महाग असली तरी परवडते. महिन्यातून दोनदा गावी येऊन क्रिकेट बघणाऱ्याला नाही.

आणि पैसे भरण्याआधी एक फुकटचं काम. कंपनीच्या ॲपमध्ये कॅमेरा आकाशाकडे धरला की डिशला काय आड येतंय ते दिसतं. तिला डोक्यावरचं मोठं आकाश मोकळं लागतं, शंभर अंशांहून जास्त. कोकणातल्या घराला हीच खरी अडचण, माड, आंबा, सुपारी, सगळं घराला चिकटूनच. शिवाय कौलांवर वानरांची टोळी रोज उतरते, डीटीएचच्या दोन छत्र्या त्यांनी आमच्याच घरी वाकवल्या आहेत.

डिसेंबरात चुलतभाऊ गावी आला तेव्हा आम्ही खळ्यात उभं राहून हे केलं. उत्तरेकडचा अर्धा पडदा लाल. तिकडे आजोबांनी लावलेला फणस आहे. गोठ्याच्या मागे उतारावर बरंच आकाश मोकळं मिळालं, पण तिथून घरापर्यंत केबल पुरणार नाही आणि वानरं तिथूनच येतात. भाऊ परत पुण्याला गेला आणि ग्रुपवर विचारलं, 'फणस तोडला तर?' आजी त्या ग्रुपवर नाही, हे त्याचं नशीब.