फीडच्या खाली नाव कोणाचं?

सकाळी दारात पडलेल्या पेपरच्या एखाद्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत बघा. मुद्रक, प्रकाशक, संपादक, छापखान्याचा पत्ता. खोटं छापलं तर कोर्टात कोणाला खेचायचं, ते तिथे कळतं. मोबाइलवर फेसबुक-इन्स्टाग्राम उघडलं की समोर सरकत येणारा मजकूर, म्हणजे फीड, त्याला ती ओळच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 79 लोकांनी टाकलेल्या मजकुरापुरतं कंपनीला मोकळं सोडतं. पण त्यातलं काय वर आणायचं आणि काय गाडायचं, हे कंपनीच ठरवते. हे मला अजिबात मान्य नाही.

मालकीचं गणितही बघा. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप या सगळ्यांची मालक कंपनी मेटा. तिच्या बाजारात मिळणाऱ्या साध्या शेअरला एक मत, संस्थापक मार्क झुकरबर्ग यांच्याकडच्या खास शेअरला दहा. म्हणून झुकरबर्ग यांचा हिस्सा 13 टक्क्यांच्या आसपास असूनही निम्म्याहून जास्त मतं त्यांची. बाकीचे सगळे भागधारक एक झाले तरी त्यांचा ठराव पडणार. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी अमेरिकेतली बाहेरच्या संस्थांकडून होणारी तथ्य-तपासणी बंद केल्याचं जाहीर केलं. उद्योगपती इलॉन मस्क यांनी 2022 मध्ये 44 अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं आणि 2024 च्या निवडणुकीत ट्रम्प यांच्यासाठी 25 कोटी डॉलरहून जास्त ओतले.

अमेरिकेचं आपल्याला काय? राईनपाडा आठवा. 1 जुलै 2018, धुळ्याचा साक्री तालुका. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून भिक्षा मागायला गेलेल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्यातले बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळचं फॉरवर्ड पाच चॅटवर आणलं. म्हणजे कळ त्यांच्या हातात आधीपासून होती! ती दाबायला इतके जीव जावे लागले.

आता आपल्या हातातलं. मेटाची अ‍ॅड लायब्ररी, म्हणजे तिच्यावरच्या जाहिरातींची सगळ्यांना खुली नोंद, उघडा, खातं लागत नाही. देश भारत, प्रकार निवडणूक-राजकारण निवडा. ‘सोलापूर’ एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन लिपीत शोधा, दोन्हीकडे निकाल वेगळे येतात. राजकीय म्हणून नोंदलेल्या जाहिरातीवर पैसे कोणी भरले त्याचं नाव असतं. आत गेलात की खर्च आणि किती वेळा दिसली याचा अंदाज, बघणाऱ्यांचं वय आणि राज्य. शहर कळत नाही, ही मोठी खोट आहे. दुसरी खोट त्याहून वाईट: राजकीय म्हणून नोंदलेली जाहिरात सात वर्षं राहते, पण कोणी ती साधी म्हणून चालवली आणि पकडली गेली नाही, तर बंद होताच लायब्ररीतून गायब. म्हणून चालू असतानाच टिपा.

आचारसंहितेच्या काळात संशयास्पद काही दिसलं तर लायब्ररी आयडी (त्या जाहिरातीचा लायब्ररीतला क्रमांक), पेजचं नाव, तारीख आणि स्क्रीनशॉट घेऊन जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे लेखी द्या, पोच घ्या. नुसता स्क्रीनशॉट नेऊ नका. आयडीशिवाय नेमकी कोणती जाहिरात, हे शोधणं तिथे कठीण जातं.